पेन्सिलीने लिहिलेल्या तारखा : एका महापालिकेच्या कलाधोरणाचे प्रकरण

महाराष्ट्रातील एका ‘ड’ वर्ग, म्हणजे सर्वांत लहान वर्गातल्या, महापालिकेच्या हद्दीत 2023 ते 2025 या काळात नाटक, संगीत आणि लोककला या क्षेत्रांतील प्रमुख मंडळी व प्रशासनातील अधिकारी एका टेबलाभोवती बसले आणि शहरापुरते एक लहानसे कलाधोरण तयार झाले. त्या प्रक्रियेचा हा वृत्तान्त आहे. शहराचे, संस्थांचे आणि व्यक्तींचे नाव दिलेले नाही, आणि ज्यावरून ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. या बैठकांचा निमंत्रक मी होतो. त्यामुळे ज्या चुका पुढे नोंदवल्या आहेत त्यांतील काही माझ्या स्वतःच्या आहेत.

पार्श्वभूमी

शहराला महापालिकेच्या मालकीचे एक नाट्यगृह आहे. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीचे केंद्र येथे असते, चार-पाच हौशी संस्था टिकून आहेत, शास्त्रीय संगीताची एक जुनी मंडळी दर महिन्याला बैठक भरवते, आणि आसपासच्या तालुक्यांत तमाशाचे फड आहेत. पुण्या-मुंबईची व्यावसायिक नाटके महिन्यातून दोन-तीनदा येतात. बाहेरून पाहणाऱ्याला शहर कलाप्रेमी वाटावे एवढे हे निश्चितच आहे.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर चित्र थोडे विचित्र आहे. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी स्वराज्य संस्थांकडे सोपवण्याचे 18 विषय दिले आहेत आणि त्यांतील 13 वा विषय सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींच्या संवर्धनाचा आहे. मात्र पाणी, गटारे, दिवाबत्ती ही महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये आणि नाट्यगृह हे ऐच्छिक, ही विभागणी कायम राहिल्यामुळे अर्थसंकल्पाला कात्री लागली की ती प्रथम कोठे लागणार हे ठरलेलेच असते. राज्याचे त्या वेळी लागू असलेले सांस्कृतिक धोरण डॉ. आ. ह. साळुंखे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तयार केले आणि ते 2010 मध्ये जाहीर झाले. ते वाचलेला एकही कर्मचारी आम्हाला महापालिकेत भेटला नाही. हे मी दोष म्हणून लिहीत नाही. त्या दस्तऐवजातील कोणती ओळ आपल्या टेबलाला लागू होते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नव्हते.

आणखी एक गोष्ट या प्रकरणाच्या मुळाशी आहे. 2022 पासून राज्यातील बहुतेक महापालिकांची मुदत संपली, निवडणुका लांबत गेल्या आणि आयुक्त हेच प्रशासक झाले. आमच्या शहरातही तेच घडले. म्हणजे महासभा, स्थायी समिती आणि आयुक्त या तिघांचे निर्णय एकाच माणसाच्या सहीने होऊ लागले.

अडचण कोठे होती

2023 च्या पावसाळ्यात एका व्यावसायिक नाटकाचा रविवारचा प्रयोग चार दिवस आधी रद्द करावा लागला. तारीख रीतसर घेतलेली होती, अनामत भरलेली होती, तिकिटे विकली गेली होती. परंतु त्याच दिवशी एक ‘महत्त्वाचा कार्यक्रम’ ठरल्याने नाट्यगृह उपलब्ध नसल्याचे व्यवस्थापकाने फोनवर कळवले. लेखी काही नव्हते. वर्तमानपत्रांत दोन दिवस बातम्या आल्या, आणि त्यानंतरच्या आठवड्यात आयुक्तांकडे वेगवेगळ्या संस्थांची पाच निवेदने गेली.

ही पाचही निवेदने नंतर मी एकत्र वाचली. एकात भाडे निम्मे करण्याची मागणी होती, दुसऱ्यात वातानुकूलन यंत्रणा बदलण्याची, तिसऱ्यात ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनाची, जी मुळात महापालिकेच्या अखत्यारीतली बाब नव्हेच. तारीख रद्द कोणी व कोणत्या अधिकाराने केली, हा साधा प्रश्न एकाही निवेदनात नव्हता. आयुक्तांनी पाचही निवेदने मालमत्ता विभागाकडे ‘उचित कार्यवाहीसाठी’ पाठवली, म्हणजे ती तेथे थांबली.

महापालिकेच्या बाजूने अडचण वेगळी होती. नाट्यगृहाचे आरक्षण मालमत्ता विभागाकडे, गळके छप्पर बांधकाम विभागाकडे, दिवे व डिमर (रंगमंचावरचा प्रकाश कमी-जास्त करणारी यंत्रणा) विद्युत विभागाकडे, आग प्रतिबंधक व्यवस्था अग्निशमन विभागाकडे, आणि नाट्यगृहाचे उत्पन्न मात्र सर्वसाधारण निधीत. संस्कृती नावाचा विभाग कोठेच नव्हता. कलावंतांनी दाद मागावी तर नेमकी कोणाकडे, आणि अधिकाऱ्यांनी उत्तर द्यावे तर कोणत्या नात्याने, हे दोन्ही बाजूंना ठाऊक नव्हते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सर्वांच्या आवडीचा होता : मंत्रिमहोदयांच्या उपस्थितीत एक दिवसाची सांस्कृतिक परिषद घ्यायची आणि ठराव करायचे. असा एक मेळावा काही वर्षांपूर्वी झालाही होता. त्यात अनेक ठराव मंजूर झाले होते. त्यांपैकी एकही कोणाला आठवत नव्हता, शाली मात्र काहींच्या कपाटात होत्या. दुसरा पर्याय आयुक्तांनी सल्लागार समिती नेमण्याचा होता, ज्यात नेमणुकीच्याच वादात वर्ष गेले असते. तिसरा पर्याय न्यायालयात जाण्याचा; त्याला पैसा आणि चिकाटी लागते, आणि ज्यांच्याकडून तारखा घ्यायच्या त्यांनाच प्रतिवादी करावे लागते.

चौथा पर्याय आम्ही निवडला. बारा-पंधरा जणांचे टेबल, बातमीदार नाहीत, आणि विषय एवढेच घ्यायचे की जे आयुक्त स्वतःच्या सहीने बदलू शकतात. या अटीमुळे पाच निवेदनांतील निम्म्याहून अधिक मागण्या पहिल्याच दिवशी बाजूला पडल्या आणि काही मंडळी नाराज झाली. तरीही ही अट सैल केली असती तर पुढचे काही झाले नसते, असे मला आजही वाटते.

पहिला निर्णयबिंदू : बोलवायचे कोणाला

निमंत्रितांची पहिली यादी मी तयार केली. तिच्यात अकरा नावे होती आणि ती सगळी नाटकातली होती. एक संगीत मंडळाचे अध्यक्ष होते, तेही जुने संगीत नट. स्त्री एकच. तंत्रज्ञ एकही नाही. ही यादी करताना ‘प्रमुख’ म्हणजे ज्यांचे नाव निमंत्रणपत्रिकेवर छापले जाते ते, असा अर्थ मी नकळत धरला होता.

यादी बदलली ती नाट्यगृहातील कंत्राटी वायरमनमुळे. बैठकीसाठी वरच्या मजल्यावरची खोली पाहायला गेलो असता त्याने मला डिमर रूममध्ये नेले आणि ज्या जोडणीवर गेली कित्येक वर्षे प्रयोग होत होते ती दाखवली. दोन जाड वायरी नुसत्या पिळून वर टेप गुंडाळलेला होता आणि टेपचा रंग जागोजागी तपकिरी झालेला होता. “साहेब, यावर कागद झालाय तीनदा,” तो म्हणाला, “पण कागद मालमत्तेत जातो आणि काम विद्युतचं आहे.” एवढ्या एका वाक्यात त्याने जी रचना सांगितली ती आमच्या अकरा जणांपैकी कोणालाही सांगता आली नसती. दुसऱ्या यादीत एक प्रकाशयोजनाकार, एक नेपथ्य उभारणारे कंत्राटदार, शाळांच्या स्नेहसंमेलनांसाठी नाट्यगृह घेणाऱ्या एक मुख्याध्यापिका आणि तालुक्यातील एका तमाशा फडाच्या मालकीणबाई आल्या. महापालिकेकडून मालमत्ता, विद्युत, अग्निशमन आणि लेखा या चार विभागांचे अधिकारी बोलावले.

दुसरा निर्णयबिंदू : अध्यक्षस्थानी कोण

शहरातील एका ज्येष्ठ रंगकर्मींनी अध्यक्षस्थान स्वीकारावे अशी बहुतेकांची इच्छा होती, आणि त्यांचा अधिकार वादातीत होता. तरीही आम्ही उपायुक्तांना विनंती केली. कारण अगदी कारकुनी होते : अधिकाऱ्याच्या सहीचे इतिवृत्त नस्तीत (सरकारी फायलीत) लागते, कलावंताच्या सहीचे इतिवृत्त वर्तमानपत्रात लागते. ज्येष्ठ रंगकर्मींना हे मी घरी जाऊन सांगितले. त्यांना ते आवडले नाही, पण पटले.

या निर्णयाची किंमतही मोजावी लागली. सातव्या महिन्यात उपायुक्तांची बदली झाली आणि नव्या अधिकाऱ्यांना सारे पहिल्यापासून समजावून सांगण्यात दोन महिने गेले. आणखी एक कायमस्वरूपी उपाध्यक्ष कलावंतांमधून नेमला असता तर हे टळले असते.

तिसरा निर्णयबिंदू : आरक्षणाची वही

तारखा कोणाला जातात हे पाहिल्याशिवाय तारखांचे धोरण करता येत नाही, यावर एकमत होते. वही मिळवायची कशी यावर नव्हते. काहींचा आग्रह माहिती अधिकाराखाली अर्ज करण्याचा होता, आणि 2005 च्या त्या कायद्याच्या कलम 4 नुसार अशी माहिती खरे तर अर्जाशिवायच खुली असायला हवी. परंतु अर्ज केला की समोरचा लिपिक बचावाच्या पवित्र्यात जातो आणि वहीऐवजी छायांकित पाने मिळतात. आम्ही उपायुक्तांना तोंडी विनंती केली आणि दुसऱ्या बैठकीत मूळ वही टेबलावर आली.

डिसेंबरचे पान उघडले. प्रत्येक दिवसाला सकाळ, दुपार, रात्र असे तीन रकाने. आठवड्यातले बहुतेक रकाने निळ्या शाईत, पावती क्रमांकासह. शनिवार-रविवारचे रकाने मात्र पेन्सिलीने लिहिलेले, कित्येक ठिकाणी दोन-दोनदा खोडून कागद विरलेला, आणि एका रविवारच्या तिन्ही रकान्यांवर आडवे फक्त ‘साहेब’ असे लिहिलेले. कोणते साहेब, हे विचारण्याचे धाडस कोणी केले नाही आणि ते एका अर्थी बरेच झाले.

कारण पुढची पाने उलटताना पेन्सिलीतली दुसरी नावेही दिसू लागली, आणि ती टेबलाभोवती बसलेल्यांचीच होती. आमच्यापैकी दोन संस्था आणि एक स्थानिक आयोजक महिनोन्‌महिने रविवार ‘धरून’ ठेवत होते; प्रयोग ठरला तर अनामत भरायची, न ठरला तर तारीख ओळखीच्या निर्मात्याकडे सरकवायची. व्यवहारात याला कोणी गैर मानत नव्हते. तोपर्यंतच्या चर्चेत कलावंत अन्यायग्रस्त आणि प्रशासन अन्यायी अशी मांडणी होती. ती त्या दुपारी संपली. खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मालमत्ता विभागाचे लिपिक, जे तोपर्यंत वहीवर हात ठेवून बसले होते, हलक्या आवाजात म्हणाले, “सगळेच सांगतात, नुसतं पेन्सिलीनं लिहून ठेवा.”

माझ्या मते या प्रक्रियेतील खरे काम त्या दिवशी सुरू झाले. नियमाचा पहिला मसुदा एका ओळीचा होता : वहीत पेन्सिल चालणार नाही.

भाडे, अनामत आणि तिकिटाचा दर

भाड्याच्या प्रश्नावर तीन बैठका गेल्या. निर्मात्यांचे म्हणणे असे की भाडे वाढले तर ते तिकिटात घालता येत नाही, कारण नाटकाचे तिकीट 500 रुपयांपर्यंत वस्तू व सेवा करातून मुक्त असते आणि त्यावर गेले की कर लागतो. लहान शहरातला प्रेक्षक तेवढे देत नाही. लेखा अधिकाऱ्यांचे म्हणणे असे की सवलत द्यायची तर तूट कोठून भरायची ते लिहून द्या. शेवटी हौशी संस्थांना सोमवार ते गुरुवार सवलत आणि राजकीय व व्यापारी कार्यक्रमांना वाढीव दर, अशी तडजोड झाली. नाट्यगृहाचे उत्पन्न त्याच्याच देखभालीसाठी वापरता यावे म्हणून स्वतंत्र लेखाशीर्ष (अर्थसंकल्पातले वेगळे खाते) काढण्याची शिफारसही मसुद्यात घातली.

रात्री दहानंतरचा प्रश्न

तमाशा फडाच्या मालकीणबाई दुसऱ्या बैठकीला आल्या तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितले की तुमच्या नाट्यगृहाशी आमचे काही अडत नाही. आमचे अडते ते दहा वाजता. गुढीपाडव्याच्या सुमारास पुणे जिल्ह्यातील नारायणगावला फडांच्या राहुट्यांत (तंबूंत) गावोगावचे पुढारी येतात आणि यात्रेच्या सुपाऱ्या, म्हणजे खेळांचे करार, ठरतात. सुपारी रात्रभराच्या खेळाची असते. गण, गवळण, बतावणी हे सुरुवातीचे भाग होऊन वग, म्हणजे मुख्य नाट्यकथा, रंगू लागतो न लागतो तोच पोलीस ध्वनिक्षेपक बंद करतात, आणि गाव ठरलेल्या रकमेतून पैसे कापून घेते.

यातली कायदेशीर मेख मला तोवर माहीत नव्हती. ध्वनिप्रदूषणविषयक 2000 च्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक लावता येत नाही, पण सभागृहासारख्या बंदिस्त जागेतील आतल्या आवाजाला त्यात सूट आहे. म्हणजे रात्री साडेनऊला सुरू झालेले नाटक नाट्यगृहात साडेबारापर्यंत चालू शकते आणि कनातीच्या, म्हणजे कापडी आडोशाच्या, आतला वग चालू शकत नाही. वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत सवलत देता येते. ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात आणि गणेशोत्सव, नवरात्र यांसारख्या उत्सवांतच ते बहुतांशी संपतात.

येथे आम्ही जो निर्णय घेतला त्याबद्दल माझे मन आजही साशंक आहे. नाटकवाल्यांपैकी काहींनी हा विषय ‘आपल्या कक्षेबाहेरचा’ असल्याचे सुचवले. आमच्या मूळ अटीनुसार ते बरोबरही होते, कारण हा अधिकार आयुक्तांचा नव्हता. म्हणून महापालिकेच्या मसुद्यातून तो वगळून जिल्हाधिकाऱ्यांकडे स्वतंत्र पत्र पाठवले. अट सर्वांना सारखीच लावली होती, आणि तरीही तिचा फटका बसला तो एकट्या तमाशाला.

ठराव कधी करायचा

2024 च्या फेब्रुवारीत मसुदा तयार झाला. लोकसभेची आचारसंहिता कोणत्याही दिवशी लागण्याची चिन्हे होती (ती 16 मार्चला लागली). एक मत असे होते की निवडून आलेले सभागृह येईपर्यंत थांबावे, कारण प्रशासकाने केलेला नियम नवे नगरसेवक सहज बदलतील. दुसरे मत असे की सभागृह कधी येईल याचा कोणालाच भरवसा नाही. आम्ही थांबलो नाही. आचारसंहितेपूर्वी प्रशासकीय ठराव झाला. त्यानुसार तारखा दर तीन महिन्यांनी सर्वांसमक्ष द्यायच्या, एकाच तारखेला अनेक अर्ज आले तर चिठ्ठी काढायची, अनामत भरल्याशिवाय नोंद करायची नाही, आणि दिलेली तारीख आयुक्तांच्या लेखी, सकारण आदेशाशिवाय रद्द करायची नाही. रद्द केल्यास पूर्ण परतावा आणि पर्यायी तारीख द्यायची.

परिणाम

तारखांची पद्धत बदलली आणि ती टिकली. पहिल्या चिठ्ठीच्या दिवशी ज्या आयोजकाचे रविवार वर्षानुवर्षे पेन्सिलीत असत त्याला एकही रविवार मिळाला नाही. तो उठून गेला आणि पुढच्या तिमाहीला परत आला. लेखी आदेशाच्या अटीने सर्वांत मोठा फरक पडला. तारीख फोनवर रद्द करणे सोपे असते. कारण लिहून खाली सही करायची म्हटले की बरेच ‘महत्त्वाचे’ कार्यक्रम दुसऱ्या सभागृहात मावतात.

स्वतंत्र लेखाशीर्ष मात्र झाले नाही. हौशी संस्थांची सवलतही वर्षभर जवळजवळ पडून राहिली, आणि कारण कळल्यावर आम्हालाच खजील व्हावे लागले : त्यांना भाडे जड जात नव्हते, अनामत जड जात होती. महाविद्यालयीन मुलांच्या गटाला प्रयोगापूर्वी दोन महिने एवढी रक्कम अडकवून ठेवणे शक्य नसते. तीन बैठका आम्ही चुकीच्या आकड्यावर भांडत होतो. पेन्सिल बंद करण्यासाठी अनामतीची जी अट घातली तिनेच लहानांची वाट अडवली. 2025 मध्ये त्यांच्यासाठी अनामतीऐवजी संस्थेचे हमीपत्र घेण्याची दुरुस्ती झाली.

डिमर रूमचे काम आमच्या धोरणामुळे झाले असे म्हणता आले असते तर बरे वाटले असते. तसे झाले नाही. ऑगस्ट 2024 मध्ये कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनी उभारलेली ती वास्तू, आगीत भस्मसात झाली. त्यानंतर आमच्या विद्युत विभागाला तो तीनदा झालेला कागद काही दिवसांत सापडला. आमच्या इतिवृत्तांचा उपयोग एवढाच झाला की काम कोणाचे यावर पुन्हा पत्रव्यवहार करावा लागला नाही.

पुन्हा करायचे झाले तर

माजी नगरसेवकांना आम्ही टाळले, कारण राजकारण नको होते. ही चूक होती. सभागृह नसले तरी नगरसेवकांचा शहरातला वावर संपलेला नसतो, आणि जो नियम करताना त्यांना विचारले नाही तो पुढे राखण्याची जबाबदारी त्यांना वाटण्याचे कारण नाही. आज मी विविध पक्षांच्या दोघा-तिघांना पहिल्या बैठकीपासून बसवीन.

सवलतीचे कलम लिहिण्यापूर्वी ज्यांच्यासाठी ते आहे अशा एखाद्या गटाबरोबर आरक्षणाचा अर्ज प्रत्यक्ष भरून पाहीन. त्याला अर्धा तास लागला असता.

आणि विषयांची कक्षा एका कार्यालयापुरती ठेवणार नाही. जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलेल्या आमच्या पत्राला, त्या वर्षाचे सवलतीचे दिवस आधीच जाहीर झाले असल्याचे उत्तर आले. पुढच्या वर्षी पत्र लवकर दिले. यादीत त्याने काही बदल झाला नाही. मात्र तालुक्यातील मोठ्या यात्रेआधी पोलीस ठाण्यात जी नियोजनाची बैठक होते, तिला मालकीणबाईंना आता बोलावणे येते. सुपारी ठरवतानाच खेळ संध्याकाळी सातला उभा करायचा आणि गावाने पैसे कापायचे नाहीत, असे त्यांनी या बैठकीत गावाकडून लिहून घेतले आहे. तो कागद त्यांनी मला दाखवला. निळ्या शाईत आहे.